बाबांची कॅल्शियमची गोळी मी गुपचूप बंद केलीय, बरोबर केलं का?

पत्र थोडक्यात असं: चार महिन्यांपूर्वी एका मुलीच्या वडिलांचं (वय ६१) हृदय घरातच अचानक बंद पडलं. घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता म्हणून तिला वाटलं श्वास चालू आहे, त्यात दोनेक मिनिटं गेली. मग फोनवरच्या माणसाने सांगितलं तसं तिने छाती दाबायला सुरुवात केली, नऊ मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्स आली, शॉक दिला, हृदय चालू झालं. आता वडील घरी आहेत, चालतात, बोलतात, जुनं सगळं आठवतं, पण सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी आठवत नाही, एकच प्रश्न चारदा विचारतात. ऑक्सिजन तुटला की मेंदूच्या पेशींत कॅल्शियम शिरतं आणि तेच पेशींना मारतं, असं तिने वाचलं. तेव्हापासून, म्हणजे तीन आठवडे झाले, तिने वडिलांची हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी कुणाला न सांगता बंद केलीय, दूधही कमी केलंय. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ही 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' आहे हे कळल्यावर तिचा डोस वाढवून मागावा असं मनात आहे. भाऊ ऑक्सिजनचं मशीन आणतो म्हणतोय. ती रोज रात्री तीनला उठून वडिलांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते, एकदा ९३ दिसलं तर सकाळपर्यंत झोपली नाही. आणि शेवटची ओळ: "ताई, ती दोन मिनिटं मी नुसती बघत उभी राहिले नसते तर बाबा आज पूर्ण बरे असते ना?"

अगं, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं गोळीचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा कळलं की गोळी काय, दूध काय, रात्री तीनचा ऑक्सिमीटर काय, सगळं त्या शेवटच्या ओळीतूनच निघालंय. तरी गोळीचा विषय आधी घेते, कारण ती रोज चुकतेय. आणि एक सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं लॅबमध्ये न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, वाढवून त्यांच्यातलं कॅल्शियम मोजायचं काम केलंय, त्यामुळे पेशीच्या आतलं सांगू शकते, बाबांच्या औषधाचा शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा.

तू जे वाचलंस ते खोटं नाहीये. कुठल्या तरी भलत्या फॉरवर्डमधलं नाही, खरंच तसं होतं. फक्त वाचताना मधली एक पायरी निसटली आणि ती कुणाचीही निसटेल, कारण गोळीवर लिहिलेला आणि त्या लेखात लिहिलेला शब्द एकच आहे.

बघ, न्यूरॉनच्या आत मोकळं कॅल्शियम अगदी नावापुरतं असतं. पेशीच्या बाहेर, तिला लागून जे पाणी आहे, त्यात त्याच्या साधारण १०,००० पट. सोडियम-पोटॅशियमच्या बाबतीत हा फरक दहा-वीस, फार तर तीस-चाळीस पट, कॅल्शियमच्या बाबतीत एकदम दहा हजार. आणि पेशी हे मुद्दाम राखते, कारण कॅल्शियम हा तिचा निरोप्या आहे. खोली शांत असली की कुजबुजही ऐकू येते ना, तसं आत जवळजवळ काहीच नाही म्हणून चिमूटभर आत आलं तरी पेशीला लगेच कळतं, त्यावरून पुढची कामं होतात, नवीन आठवण पक्की व्हायची सुरुवातही तिथूनच होते, आणि काम झालं की ते कॅल्शियम लगोलग बाहेर फेकलं जातं किंवा आतल्या कप्प्यात कोंडून ठेवलं जातं. म्हणजे ज्याला तू घराबाहेर काढायला निघालीस त्याच्याशिवाय बाबांच्या काही लक्षातच राहणार नाही.

आता हे बाहेर फेकणं फुकटात होत नाही. त्याला पंप लागतात, पंपांना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं, एटीपी बनायला ऑक्सिजन आणि ग्लुकोज. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण आपण नुसते पडून असलो तरी एकूण ऑक्सिजनचा २० टक्के हिस्सा तो एकटा खातो, आणि साठा म्हणून शिल्लक जवळपास शून्य, रोजची कमाई रोज खर्च. हृदय थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते ती यामुळेच. काही मिनिटांत एटीपी संपतं, सोडियम-पोटॅशियमचा पंप थांबतो, पेशीचं व्होल्टेज कोसळतं, कोसळलं की ती ग्लुटामेट, म्हणजे शेजारच्या पेशींना चेतवणारं रसायन, सोडायला लागते, एरवी जी यंत्रणा हे सांडलेलं ग्लुटामेट उचलून नेते तीच उलटी चालायला लागते आणि आणखी ओतते, त्याने शेजारच्या पेशींचे दरवाजे उघडतात. त्यातला एक दरवाजा आहे एनएमडीए रिसेप्टर. त्याच्या तोंडाशी एरवी मॅग्नेशियमचं बूच असतं. व्होल्टेज कोसळलं की ते बूच निघतं आणि कॅल्शियम लोंढ्याने आत. आत येऊन ते जे एन्झाइम एरवी जपून वापरायचे ते सगळे एकदम चालू करतं, कॅल्पेन नावाचं एक एन्झाइम पेशीचा सांगाडाच कापत सुटतं, दुसरी काही तिचं आवरण कुरतडतात, एटीपी बनवणारे मायटोकॉन्ड्रिया जमेल तेवढं कॅल्शियम स्वतःच्या पोटात घेऊन सांभाळायला बघतात आणि शेवटी तेच फुटतात. जास्तीच्या ग्लुटामेटने पेशी मरतात हे जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये मांडलं, त्यात कॅल्शियमचा हात किती मोठा आहे हे १९८० च्या दशकात डेनिस चोई यांनी लॅबच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर दाखवलं. तू वाचलंस ते हेच.

पण मला सांग, ते कॅल्शियम आलं कुठून? गोळीतून नाही आलं. ते आधीपासून दाराबाहेरच होतं. तुझ्या डोक्यात आत्ता तेवढंच आहे, माझ्याही. ज्यांनी आयुष्यात कधी कॅल्शियमची गोळी बघितली नाही त्यांच्याही डोक्यात तेवढंच. त्या दिवशी कॅल्शियम वाढलं नव्हतं, त्याला बाहेर ठेवणारे पंप बंद पडले होते. आणि ते पंप बाबांचं हृदय चालू झाल्यावर, ज्या पेशी वाचल्या त्यांच्यात, परत चालू झालेत आणि गेले चार महिने चालूच आहेत.

आणि गोळी बंद केल्याने नेमकं काय होतं ते पण ऐक. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडं आणि दातांत असतं. रक्तात ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एवढ्याच पट्ट्यात ठेवायचं, हा शरीराचा हट्ट असतो. खाण्यातून कमी आलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हॉर्मोन सोडतात आणि हाडांतून काढून रक्तात भरतात, मेंदूभोवतीच्या पाण्यात तर आणखी काटेकोर हिशोब. म्हणजे तीन आठवड्यांत तू मेंदूतलं कॅल्शियम कणभरही हलवलेलं नाहीस, हाडांकडून मात्र थोडी उसनवारी झाली असेल. तीन आठवड्यांत काही आभाळ कोसळत नाही, घाबरू नकोस, पण चालू मात्र करायला हवी.

इथे मला माझं लाडकं कासव आठवतं, सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेंटेड टर्टल नावाचं उत्तर अमेरिकेतलं कासव हिवाळ्यात बर्फाखालच्या तळ्यात तीनेक महिने ऑक्सिजनशिवाय काढू शकतं. त्या काळात अंगात अ‍ॅसिड साठतं, ते मारायला ते स्वतःच्या कवचातून कॅल्शियम कार्बोनेट सोडतं, त्यामुळे त्याच्या रक्तातलं कॅल्शियम कित्येक पटींनी चढतं. तुझ्या हिशोबाने तर ते कासव पहिल्या आठवड्यातच संपायला हवं. पण नाही, कारण थंडीत त्याचा मेंदू खर्चच एवढा कमी करतो आणि पेशींचे दरवाजे असे मिटून घेतो की थोड्याशा एटीपीवर पंपांचं भागतं. बाहेर कॅल्शियमचा डोंगर आणि आत पेशी शाबूत. आपल्याला ते जमत नाही, आपला मेंदू गरम आणि खर्चिक.

अ‍ॅम्लोडिपिनचा डोस वाढवून मागू नकोस, आणि स्वतःच्या मनाने वाढवणं तर अजिबातच नको. ती रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतले कॅल्शियमचे दरवाजे थोडे आवळते, वाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, तिचं काम एवढंच. डोस जास्त झाला तर बीपी पडून मेंदूला जाणारं रक्तच कमी होईल, म्हणजे ज्याची भीती वाटतेय तेच आपल्या हाताने. आणि तुला जे सुचलं ते मोठमोठ्या लोकांनाही सुचलं होतं गं. १९९१ मध्ये लिडोफ्लाझिन नावाच्या कॅल्शियम ब्लॉकरची चाचणी नेमकी बाबांसारख्याच, हृदय बंद पडून वाचलेल्या पण बेशुद्ध असलेल्या पेशंटवर झाली, ५०० वर लोक होते, फायदा दिसला नाही. स्ट्रोकमध्ये मॅग्नेशियम, ते बूच आठवतंय ना, अ‍ॅम्ब्युलन्समध्येच पहिल्या दोन तासांत देऊन बघितलं, १,७०० पेशंट, २०१५ साली निकाल आला, तोही कोरडाच. निमोडिपिन नावाची आणखी एक कॅल्शियम ब्लॉकर मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्यांना उपयोगी पडते, पण तो वेगळा आजार. डिशमध्ये जे झकास चालायचं ते माणसात का चाललं नाही याचं एक कारण साधं आहे, औषध पोचेपर्यंत लोंढा येऊन गेलेला असतो. मग चार महिन्यांनी दरवाजा आवळून काय हाती लागणार?

गूगलवर तुला आणखी एक सापडेल म्हणून आधीच सांगते. हृदय बंद पडलेलं असताना शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन द्यावं का, याची डेन्मार्कमध्ये चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला, फायदा नाहीच, उलट नुकसानाकडे कल दिसला म्हणून ती लवकर थांबवली. ते वाचून परत गोळीकडे संशयाने बघू नकोस. हृदय थांबलेलं असताना शिरेत एकदम जाणारं इंजेक्शन वेगळं आणि जेवणानंतर पोटात हळूहळू विरघळणारी गोळी वेगळी.

आता ऑक्सिजनचं मशीन. भावाचा जीव तुटतोय हे कळतं, त्याला काहीतरी करायचंय. पण बाबांचं सॅच्युरेशन ९६-९७ असेल तर हिमोग्लोबिन आधीच भरलेलं आहे, भरलेल्या भांड्यात आणखी ओतून काय होणार. हृदय चालू झाल्यानंतरच्या पहिल्या तासांतसुद्धा आयसीयूत ऑक्सिजन बेहिशोबी देत नाहीत, सॅच्युरेशन ९४ ते ९८ च्या आसपास राखायला बघतात, कारण जास्तीचा ऑक्सिजन नुकत्याच जाग्या झालेल्या पेशींना त्रास देऊ शकतो. बाबांच्या मेंदूला इजा झाली ती रक्त थांबल्यामुळे. रक्त वाहत असताना ऑक्सिजन थोडा कमी असणं ही वेगळीच गोष्ट, त्यात ग्लुकोज येत राहतं, घाण वाहून जात राहते, मेंदू स्वतःकडे जास्त रक्त ओढून घेतो. २००७ मध्ये एव्हरेस्टवरून उतरताना ८,४०० मीटरवर चार गिर्यारोहक डॉक्टरांनी स्वतःच्या धमनीतलं रक्त काढलं होतं, ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर, आपला ८० ते १००. आणि ते शुद्धीत होते, सुया टोचून घेत होते. ते आठवडे आठवडे सरावलेले होते हे खरं, आणि याचा अर्थ ऑक्सिजन कमी झाला तरी चालतं असा काढू नकोस, पण रात्री तीनला दिसलेल्या एका ९३ ने मेंदूच्या पेशी मरत नाहीत. बोट थंड असलं, क्लिप तिरकी बसली तरी आकडा पडतो. हां, ते जोरात घोरत असतील, झोपेत मध्येच श्वास अडकून दचकत असतील, दिवसा पेंगत असतील तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी मात्र करून घ्या, त्याचा आठवणीवरही परिणाम होतो आणि हृदयावरही. त्यासाठी स्लीप स्टडी असते, तुझी झोपमोड नाही.

आता तुझी ती ओळ.

लॅबमधली एक दुपार सांगते. डिशमध्ये उंदराचे न्यूरॉन, आत एक डाय, म्हणजे रंग, भरलेला, कॅल्शियम चिकटलं की तो हिरवा चमकतो. ग्लुटामेट घातलं, सगळ्या पेशी एकदम लखलखल्या. काही मिनिटांनी धुऊन काढलं, चमक उतरत गेली, बहुतेक पेशी परत काळोख्या झाल्या, मला वाटलं वाचल्या. कॅमेरा चालू ठेवून मी खाली जाऊन आले. परत येऊन बघते तर काही पेशी परत उजळलेल्या, आणि या वेळी त्या उतरल्याच नाहीत. पण मला अजून डोळ्यांसमोर दिसते ती एक जोडी, अगदी खेटून बसलेल्या दोन पेशी, तेच ग्लुटामेट, तेवढाच वेळ, तीच डिश, एक गेली आणि तिची शेजारीण संध्याकाळपर्यंत ठणठणीत. मी ती फीत किती वेळा मागे-पुढे करून बघितली असेल, शेजारणीने नेमकं काय वेगळं केलं ते मला आजही सांगता येणार नाही.

हे कशासाठी सांगतेय, तर तुझ्या डोक्यात एक घड्याळ बसलंय, चार मिनिटांपर्यंत सगळं ठीक आणि पाचव्या मिनिटाला सगळं खलास, म्हणून मग माझी दोन मिनिटं म्हणजे अर्धे बाबा. चार-सहा मिनिटांचा तो आकडा सगळीकडे असतो आणि लोकांनी पटकन हालचाल करावी म्हणून तो चांगलाच आहे, पण पेशी असं घड्याळ बघून मरत नाहीत. सगळ्यात नाजूक असतात हिप्पोकॅम्पसच्या सीए१ नावाच्या पट्टीतल्या पेशी, नवीन आठवणी जिथे बांधल्या जातात तिथल्या. बाबांना जुनं आठवतं आणि सकाळचं नाही, ते बहुधा यामुळे. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, या पेशी त्या क्षणी मरतही नाहीत. जपानमध्ये किरिनो यांनी १९८२ मध्ये जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर दाखवलं की मेंदूचा रक्तपुरवठा फक्त पाच मिनिटं थांबवला तर सीए१ च्या पेशी पुढचा दिवस दोन दिवस चांगल्या दिसतात आणि मग तीन-चार दिवसांत मरतात. म्हणजे बाबांचं जे काही गेलं त्यातलं काही नंतर आयसीयूत असताना गेलं असेल, तिथे तू काय किंवा कुणी काय करणार होतं?

मग त्या दोन मिनिटांनी फरक पडला का? पडला असेल. अजिबात नाही असं म्हटलं तर तुला ते खोटं आहे हे कळेल आणि मग बाकीच्यावरही विश्वास बसणार नाही. पण किती पडला हे कुणालाच सांगता येणार नाही, एमआरआय बघूनही नाही. आणि तू आळसाने उभी नव्हतीस. तो घोरल्यासारखा आवाज, त्याला अगोनल ब्रीदिंग म्हणतात, हृदय बंद पडलेल्या बऱ्याच जणांना तो येतो आणि बघणाऱ्याला श्वास चालू आहे असंच वाटतं, अनुभवी माणसंही फसतात, म्हणूनच सीपीआरच्या, म्हणजे छाती दाबायला शिकवणाऱ्या, क्लासमध्ये तो मुद्दाम शिकवावा लागतो. तुला कुणी शिकवला होता?

आणि हिशोबच करायचा तर पूर्ण कर ना. दोन मिनिटं मोजलीस, पुढची नऊ कुठे गेली? छाती दाबून रक्ताचा प्रवाह नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश मिळतो. थोडा आहे, पण त्या पंपांना शून्य आणि पाव यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ती नऊ मिनिटं ते पंप जे काही चालले ते तुझ्या हातांवर चालले. नाहीतर सकाळी कोण आलं होतं हे विचारायला बाबा बहुतेक नसतेच.

आता पुढचं. चार महिने झालेत, सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत जास्त दिसते, नंतर वेग मंदावतो पण थांबलाच असं समजू नकोस, मेलेल्या पेशी परत येत नाहीत तरी उरलेल्या नव्या वाटा शोधतात. न्यूरॉलॉजिस्टकडून स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घ्या, अंदाजाने 'विसरतात' म्हणण्यापेक्षा काय विसरतात, काय नाही हे कागदावर येऊ दे, त्यावरून ऑक्युपेशनल थेरपिस्ट पुढचं ठरवतील. त्यांचं मन कसं आहे तेही विचार, अशा प्रसंगानंतर डिप्रेशन बऱ्याच जणांना येतं आणि ते विसरभोळेपणासारखंच दिसतं, पण त्याला औषध आहे. घरात एकच बोर्ड, एकाच जागी, त्यावर आजची तारीख, कोण आलं, काय ठरलं, गोळ्यांचा खणाखणांचा डबा, फोनमध्ये अलार्म. आणि ते "आठवतंय का? सांगा बघू" हे बंद करा गं घरात सगळ्यांनी. चुकीचं उत्तर दिलं की तेच चुकीचं पक्कं होतं, त्यापेक्षा सरळ उत्तर सांगून टाकायचं आणि त्यांच्याकडून वहीत लिहून घ्यायचं. गाडी चालवणं आणि पैशाचे मोठे व्यवहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. दुसऱ्यांदा असं होऊ नये म्हणून आयसीडी, म्हणजे छातीत बसवायचं आतूनच शॉक देणारं छोटं यंत्र, हवा का, हे कार्डिऑलॉजिस्टना एकदा स्पष्ट विचारा, पत्रात तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

भावाला मशीनचे पैसे वाचवायला सांग आणि त्याला घेऊन सीपीआरच्या क्लासला जा, दोघंही. रात्रीही वाटून घ्या, एक रात्र तो बाबांच्या खोलीत, एक रात्र तू, आणि ऑक्सिमीटर कपाटात. महिनाभराने अजूनही तीनला दचकून जाग येत असेल, तो घोरण्याचा आवाज कानात येत असेल तर स्वतःसाठी कुणालातरी दाखव. अशा प्रसंगाचा धक्का पेशंटपेक्षा बघणाऱ्याला जास्त बसलेला पुष्कळदा दिसतो, कारण पेशंटला त्यातलं काही आठवतही नसतं.

आणि उद्या डॉक्टरांना फोन कर, गोळी कुठल्या डोसने चालू करायची ते विचार, तीन आठवडे बंद होती हे लपवू नकोस, ते रागावले तर रागावू दे, कदाचित एकदा रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघतील. मग बाबांनाही सांग, शेवटी गोळी त्यांची आहे आणि त्यांना न विचारता बंद केली होतीस. दुपारी विसरून ते परत विचारतील ही कुठली गोळी, तेव्हा परत सांग.